अनाने सोनाराची दुसरी उमेदवारी

चाळीस वर्षांत अनाने बोअहेनचं एकही काम परत आलं नव्हतं. त्याने घडवलेल्या साखळ्या कुमासी शहरातल्या बायकांनी आईकडून लेकीकडे आणि लेकीकडून नातीकडे दिल्या होत्या, आणि दुकानात कुणी परत यायचं ते दुसरी साखळी करून घ्यायला. म्हणून मॅडम अचियाने त्या सकाळी काउंटरवर कागदाची पुडी ठेवून उलगडली, तेव्हा आतली वस्तू ओळखायला त्याला जरा वेळच लागला.

वीतभर लांबीची, करंगळीएवढी जाड स्टीलची नळी होती ती. मॅडम अचियाचा पाण्याचे पाऊच भरायचा छोटा कारखाना होता. मशीनमध्ये प्लास्टिकच्या पोटात हीच नळी पाणी सोडायची आणि खालचे तापलेले जबडे पाऊचचं तोंड मिटवायचे. नळी वरच्या कडीला जिथे जोडलेली, तिथे केसाएवढी चीर गेली होती. तीन आठवड्यांपूर्वी अनानेने ती चांदीची झाळ लावून बुजवली होती, तीही इतक्या सफाईने की जोड कुठे आहे ते बोटाला कळू नये.

"काका, राग मानू नका," मॅडम अचिया म्हणाली. पूर्वी ती शाळेत मुख्याध्यापिका होती आणि अजून तशीच तोलून बोलायची. "तुमचं काम गळ्या-कानाचं. हे मशीन दिवसभर झटके खातं. चूक माझीच, जवळ पडतं म्हणून तुमच्याकडे आले."

"झाळ सुटली?"

"सुटली नाही, कुजली. बघा तुम्हीच."

अनानेने डोळ्याला भिंग लावलं. चांदी जागच्या जागी होती, पण तिच्या कडेने, स्टीलला जिथे चिकटली होती तिथे, तपकिरी रेघ धावत होती. त्याने नखाने टिचकी मारली आणि अख्खी झाळ कडं निघावं तशी निघून आली.

"आता काय करणार?" त्याने विचारलं.

"मॅगझिनमध्ये जाते. तिथे तिवा नावाची एक मुलगी आहे. गॅसवाल्या मशीनने जोडते, टिग की काय म्हणतात. आधीच जायला हवं होतं."

"थांबा, मी येतो."

"तुम्ही कशाला?"

"बघायला," अनाने म्हणाला आणि त्याने दुकानाचं शटर ओढून घेतलं.

शटर ओढल्याने कुणाचं अडणारही नव्हतं. सोन्याचा भाव चढला तशी लोकांनी घडवून घ्यायची हौस सोडली होती. लग्नाला आणि मयतीच्या समारंभाला मुलामा दिलेले दागिने भाड्याने मिळायचे, आणि दुरून कुणाला फरक कळत नसे. चार वर्षं तो आठ वाजता दुकान उघडायचा, ऐरणीवरची धूळ पुसायचा आणि पाच वाजता बंद करायचा. घर चालायचं ते बायकोवर. केजेतिया बाजारात दुफिएचं सुकटीचं दुकान होतं आणि ते मात्र जोरात होतं.

मॅगझिन म्हणजे सुआमे भागातली गॅरेजांची वस्ती, जिथे गाडी एका टोकाला आत शिरते आणि दुसऱ्या टोकाला सुटी होऊन बाहेर पडते. तिवाचं वर्कशॉप हिरव्या रंगाच्या एका लोखंडी कंटेनरमध्ये होतं. ती सव्वीस-सत्तावीस वर्षांची, हाडापेराने मजबूत मुलगी होती. डोक्याला घट्ट फडकं बांधलेलं, एका हाताला चामड्याची बाही. तिने नळी उजेडात धरली आणि नाक मुरडलं.

"कुणी सोनाराने हात घातलाय वाटतं याला?"

मॅडम अचिया खोकली. तिवाने अनानेकडे, मग त्याच्या डोळ्यावरून वर सरकवलेल्या भिंगाकडे पाहिलं आणि जीभ चावली. "माफ करा काका. पण चांदीचा कण राहिला तर माझा जोड फाटतो. एवढा तुकडा कापूनच टाकावा लागेल."

"काप," अनाने म्हणाला. "मला बघता येईल?"

तिने जास्तीचं हेल्मेट त्याच्या हातात दिलं. काळ्या काचेतून आधी काहीच दिसेना. मग हिरवट अंधारात एक तारा पेटला आणि त्याच्याखाली मसुरीच्या दाण्याएवढं तळं झालं. स्टीलचं तळं. त्याचा काठ थरथरत होता. तिवाने डाव्या हातातली बारीक तार त्याला टेकवली, तळ्याने ती गिळली आणि ते एक पाऊल पुढे सरकलं. पुन्हा तार, पुन्हा पाऊल.

मुशीत सोनं वितळून गोळा होतं आणि एका क्षणी लख्खकन उजळतं, त्याला अनानेचा गुरू, त्याचा मेन्सामामा, 'डोळा उघडला' म्हणायचा. तो डोळा अनानेने बाराव्या वर्षापासून हजारो वेळा पाहिला होता. इथे या पोरीने तो उघडाच ठेवला होता आणि त्याला नळीभोवती चालवत नेत होती. तारा विझला तेव्हा अनानेच्या लक्षात आलं की आपण श्वास धरून उभे आहोत.

"हे मला शिकवशील?" हेल्मेट काढता काढता त्याने विचारलं.

तिवा हसली. तिला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला आणि तिसऱ्या दिवशीही गेला. समोर ब्रोब्बे नावाचा एक धिप्पाड माणूस गेट आणि खिडक्यांचे गज जोडायचा. त्याने तिथूनच हाळी दिली, "काय ग तिवा, आजोबांना कामावर ठेवलंस का?"

तिवा कानकोंडी झाली. "काका, ऐका माझं. मी शिकवते म्हणजे ओरडते. टेमा बंदरात ज्या म्हाताऱ्याकडे मी शिकले तो तर हातात असेल ते भिरकावायचा. दुसऱ्या रीतीने मला शिकवताच येत नाही. आणि तुमच्यावर मी ओरडू? माझ्या आईच्या कानावर गेलं तर ती चपलेने मारेल मला."

अनानेने कंटेनरच्या दाराकडे बोट केलं. "तो उंबरा आहे ना, त्याच्या आत मी तुझा चेला. अरे म्हण, तू म्हण, गाढव म्हण. बाहेर पाऊल टाकलं की काका."

"गाढव म्हणू?"

"माझा मामा याहून वाईट म्हणायचा."

तिवाने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "बरं," ती म्हणाली. "ये मग आत. आणि ते घड्याळ काढ हातातलं."

पहिले अकरा दिवस त्याने तारा पेटवलाच नाही. तिवाने त्याला नळ्या पुसायला बसवलं. स्पिरिटने पुसायच्या, मग बोट लावायचं नाही, लागलं तर पुन्हा पुसायच्या. त्याने झाळकामातल्या टाकणखाराची डबी खिशातून काढली, तशी ती ओरडली, "काय आहे ते? ठेव आत! इथे तसलं काही लागत नाही, गॅसच धातूची राखण करतो." मग जिच्या टोकाशी तारा पेटतो त्या टंगस्टनच्या काडीला टोक काढायला दिलं. टोकावरचे ओरखडे काडीच्या लांबीने जायला हवेत, आडवे गेले की तारा भरकटतो. हे काम मात्र त्याच्या हाताचं होतं. त्याने केलेलं टोक तिवाने उजेडात फिरवून पाहिलं आणि तेच स्वतःच्या टॉर्चला, म्हणजे काडी धरायच्या मुठीला लावलं.

बाराव्या दिवशी तिने टॉर्च त्याच्या हातात दिला. काडीचं टोक तळ्याच्या वर तांदळाएवढ्या अंतरावर राहायला हवं. बुडलं की काडी खराब, पुन्हा घासा. पहिल्या दिवशी त्याने ती किती वेळा बुडवली त्याचा हिशेब ठेवण्यात अर्थ नव्हता. वेल्डिंगपेक्षा घासकामच जास्त झालं.

दुसरी खोड निघाली गालांची. पंचेचाळीस वर्षं फुंकणीवर काढलेला माणूस. समोर आग दिसली की त्याचे गाल आपोआप फुगायचे, हेल्मेटमध्ये फुंकर निघायची आणि काचेवर वाफ धरायची.

"गाल!" तिवा किंचाळायची. "गाल कशाला फुगवतोस? आग विझवायचीय का तुला?"

समोरून ब्रोब्बेचं हसू ऐकू यायचं.

अनानेने त्यावर स्वतःच उपाय काढला. दात घासायची लाकडाची काडी असते ना, ती त्याने दातांत आडवी धरली. काडी चावली की गाल फुगत नाहीत. महिनाभर तो ती चावत वेल्डिंग करायचा आणि संध्याकाळी त्याच्या तोंडाला कडू चव असायची.

तिसरी अडचण पायाची होती. करंट कमी-जास्त करायचा तो पायाखालच्या पेडलने. सोनाराच्या पायाला आयुष्यात काम पडलेलं नव्हतं. त्याचा उजवा पाय एक तर पूर्ण दाबायचा, नाही तर उचलायचा. मधलं त्याला ठाऊकच नव्हतं. नळीला मग भोक पडायचं. घरी जेवताना टेबलाखाली त्याचा पाय हलत असायचा. एके संध्याकाळी त्याने पाण्याचा भरलेला पाऊच टाचेपुढे ठेवला आणि तो फुटू न देता हळूहळू दाबत, सोडत बसला. दुफिए कंद कांडून केलेल्या फुफूचं भांडं घेऊन आली आणि पाऊच फुटला.

"अहो!" ती ओरडली. "लग्नात नाचायला सांगितलं तर गुडघे दुखत होते तुमचे. आता माझ्या स्वयंपाकघरात पूर आणताय?"

"पुसतो."

"पुसाच. आणि उद्यापासून अंगणात जाऊन करा हे खेळ." पण दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना तिने पाऊचची अख्खी पिशवी आणून त्याच्या खुर्चीखाली ठेवली.

एकदा तो हेल्मेट खाली घ्यायला विसरला आणि संध्याकाळी डोळ्यांत मूठभर वाळू कोंबल्यासारखं झालं. दुफिएने गार पाण्याच्या घड्या ठेवल्या आणि तोंडाचा पट्टाही चालू ठेवला: "चाळीस वर्षं सोन्याकडे बघितलंत, डोळे शाबूत राहिले. आता लोखंड बघून आंधळे व्हा." दोन दिवस तो घरी पडून राहिला. तिसऱ्या दिवशी त्याने आपल्या भिंगाची काच तासून हेल्मेटच्या काळ्या काचेमागे बसवली. तळं एकदम नाण्याएवढं दिसू लागलं. तिवाने हेल्मेट घालून पाहिलं आणि म्हणाली, "मलाही एक करून दे."

तिसऱ्या महिन्यात न्सियामामांच्या गाडीचा सायलेन्सर तुटला.

न्सियामामा म्हणजे मेन्सामामाचे धाकटे भाऊ, ब्याऐंशी वर्षांचे, आईकडच्या सगळ्या घराण्याचे प्रमुख. कुमासीकडे माणूस आईच्या घराण्याचा असतो, तेव्हा अनानेवर शब्द चालायचा तो त्यांचाच. गाडी ब्रोब्बेकडे लावून ते स्टुलावर टेकले, आणि समोरच्या हिरव्या कंटेनरमधून एका मुलीचा आवाज त्यांच्या कानावर पडला: "हात! हात बघ तुझा! झोपलायस का? असल्या जोडाला मी थुंकीसुद्धा लावणार नाही. काप आणि पुन्हा कर!" मग दातांत काडी धरलेला त्यांचा भाचा, कपाळाचा घाम पुसत, नळी करवतीखाली लावताना त्यांना दिसला.

 रविवारी चर्च सुटल्यावर अनानेला अंगणात यायचा निरोप मिळाला.

अंगणात घराण्यातली नऊ-दहा मोठी माणसं बसली होती. पूर्वजांच्या नावाने दारूचे चार थेंब जमिनीवर सांडून झाले. दुफिए मागे भिंतीशी उभी होती. ती दुसऱ्या घराण्याची, त्यामुळे या बैठकीत तिला बोलायचा हक्क नव्हता.

"भाच्या," न्सियामामा म्हणाले, "आपल्या घरातल्या सोनारांच्या हातच्या अंगठ्या सरदारांनी घातल्या. त्या घरातल्या माणसाला एक पोर रस्त्यावर अरे-तुरे करते, झोपलायस का म्हणून विचारते. मी या कानांनी ऐकलं. तुझ्याकडे काय उत्तर आहे?"

"मामा, मी खरंच झोपलो होतो," अनाने म्हणाला. "म्हणजे लक्ष नव्हतं. तिचं बरोबर होतं."

कुणीतरी हसू दाबलं. न्सियामामांनी काठी आपटली.

अनानेने उजव्या हाताची बाही वर सरकवली. मनगटाच्या वर एक जुना पांढुरका डाग होता. "हा मेन्सामामाने दिलेला चटका. झाळ जास्त लावली म्हणून तापलेला चिमटा टेकवला होता. तुम्ही याच अंगणात बसला होतात मामा. हसला होतात."

"तेव्हा तू पोर होतास."

"या कामात मी आत्ताही पोरच आहे."

म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. एकाने म्हटलं, वयाला शोभेल असं काही तरी करावं. दुसऱ्याने म्हटलं, लोक काय म्हणतील याचाही विचार हवा. तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला.

"मला बोलायचा हक्क नाही हे मला माहीत आहे," दुफिए म्हणाली, "म्हणून मी भिंतीला सांगते. भिंतीबाई, हा माणूस चार वर्षं रिकाम्या दुकानात माश्या मारत बसला. घरी आला की ताटाकडे बघायचा, माझ्याकडे बघायचा नाही. तेव्हा कुणी बैठक बोलावली नाही. आता रोज कपडे जाळून येतो, डोळे सुजवून येतो, माझ्या स्वयंपाकघरात पाणी करतो, आणि जेवताना बोलतो. तेव्हा याला थांबवायचं असेल तर संध्याकाळी त्याची समजूत काढायलाही भिंतीबाई, यांच्यातलंच कुणीतरी पाठव."

 भाच्याने बायकोला बोलू दिलं म्हणून न्सियामामांनी शेवटी त्याला दारूच्या दोन बाटल्यांचा दंड केला.

"शीक," ते म्हणाले. "पण माझ्या कानावर पुन्हा तसलं काही येता कामा नये."

"मग मामा, गाडी दुसऱ्या गल्लीत नेत जा," अनाने म्हणाला, आणि या वेळी मात्र अख्खं अंगण हसलं.

त्या रविवारनंतर त्याचा हात सुधारला. जोडाची लाट एकसारखी येऊ लागली, आणि जोडाच्या दोन्ही अंगांना स्टील फिकट सोनेरी रंग धरू लागलं. गॅस नीट झाकत असला तरच हा रंग येतो. निळा आला तर जरा जास्त तापलं, राखाडी आला तर टाकून द्या. तिवाचं ओरडणं दिवसातून चार-पाच वेळांवर आलं होतं.

पाचव्या महिन्यात तिवा आजीच्या मयतीला गावी गेली, आणि नेमकी तेव्हाच मॅडम अचिया आली. दुसऱ्या मशीनची नळी फुटली होती आणि पाऊच भरणाऱ्या बायका हात बांधून बसल्या होत्या. "तिवा नाही?"

"सोमवारी येईल. पण मी करतो."

तिने त्याच्याकडे पाहिलं. "नक्की?"

"नक्की."

त्याने काम केलं आणि ते त्याच्या हातून तोवर झालेलं सगळ्यात देखणं काम होतं. नळीभोवती सोनेरी लाट अशी फिरली होती की ब्रोब्बेसुद्धा गज खाली ठेवून बघायला आला. मॅडम अचियाने नळी रुमालात गुंडाळून नेली. अनाने त्या दिवशी गुणगुणतच घरी गेला.

चौथ्या दिवशी ती परत आली. या वेळी तिने माफीही मागितली नाही, राग मानू नका असंही म्हणाली नाही. तिने बाकावर पाण्याचा एक पाऊच ठेवला. तळाशी मोहरीहून बारीक काळे कण बसले होते.

"काका, हे पाणी माणसं पितात," ती म्हणाली. "सकाळपासून भरलेलं सगळं मी ओतून टाकलं. दोन दुकानांतून माल परत मागवला."

 तिवा तोवर परतली होती. तिने नळी घेतली, शिकंज्यात धरली आणि उभी चिरली. बाहेरून सोनं होतं आणि आतून जळक्या साखरेसारखा काळा, खरखरीत, फुगलेला थर. बोट फिरवलं की कण सुटत होते.

"बाहेरून तू गॅसने झाकलंस," ती हळू म्हणाली. त्या दिवशी ती ओरडली नाही, तेच त्याला जास्त लागलं. "आतून कोण झाकणार? आत हवा होती. तापलेल्या स्टीलला हवा लागली की असं होतं. नळीच्या पोटातही गॅस भरावा लागतो."

"तू सांगितलं नव्हतंस."

"नव्हतं सांगितलं. पण तू आत बघितलंसही नाहीस."

हे खरं होतं. मेन्सामामा दागिना हातात आला की आधी उलटा करून बघायचा. पाठ कानसलेली नसली तर दर्शनी बाजूकडे बघायचाही नाही, म्हणायचा, कातडीला पाठ लागते. चाळीस वर्षं अनानेने प्रत्येक दागिन्याची पाठ गुळगुळीत केली होती. आणि पहिली सोनेरी लाट बघून तो भुलला होता.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः कारखान्यात गेला. मॅडम अचिया हिशेबाच्या खोलीत होती. तो उभाच राहिला.

"चूक माझी होती. तिवाची नाही. तिला माहीतही नव्हतं."

"बरं."

"तुमच्याकडे मोडक्या नळ्या असतील तर मला हव्यात."

"कशाला?"

"शिकायला."

मॅडम अचियाने चष्मा काढला. "मुलांना मी शाळेत तीन संधी द्यायचे. तुमच्या दोन झाल्या." मग तिने कोठीतून एक पोतं काढून दिलं. "यातली एकही मशीनला लागणार नाही, आधीच सांगते."

पोत्यात बावन्न नळ्या होत्या.

नळीची दोन्ही तोंडं बंद करायची, एकीकडून गॅस अगदी हळू सोडायचा, दुसरीकडे हवा निघून जायला टाचणीएवढं भोक ठेवायचं. गॅस जोरात सोडला तर आतून दाब येऊन तळं बाहेर फुगतं, कमी पडला तर हवा राहते. घाई केली तर हवा राहतेच. अनानेने काळजीपूर्वक केलं, जोडलं, थंड होऊ दिलं आणि नळी उभी चिरून दोन अर्ध्या फळीवर ठेवल्या. आत काळं होतं. दुसरीतही काळं आणि तिसरीला तर फुगाच आला.

महिनाभर त्याचा हाच क्रम होता. सकाळी येऊन नळ्या पुसायच्या, दुपारपर्यंत दोन जोडायच्या, चिरायच्या, बघायच्या. वीज गेली की अंधाऱ्या कंटेनरमध्ये बसून कागदाची बुचं कापायची. बाहेरून सगळ्याच सुंदर दिसत होत्या, त्यामुळे चिरताना दर वेळी हात जड व्हायचा. एक-दोनदा तिवाच म्हणाली, "ही राहू दे की अख्खी." तो मान हलवायचा आणि करवत लावायचा.

ब्रोब्बेला या नळ्यांचं वेडच लागलं. तो रोज चार वाजता हात पुसत यायचा आणि लॉटरीचा आकडा विचारावा तसं विचारायचा, "काका, आज आत काय निघालं?"

"राखाडी."

"काल काळं होतं ना? मग चढलो की आपण."

एकोणतिसावी निळी निघाली. पस्तिसावी पुन्हा काळी, कारण बुचाला भेग गेली होती. एकेचाळिसावी चिरली तेव्हा अनाने दोन्ही अर्ध्या घेऊन उन्हात दाराशी गेला. आतून चंदेरी होती, कडेला जेमतेम पिवळसर झाक. त्याने नख फिरवलं, नख कुठेच अडलं नाही. तिवाने बघितलं, ब्रोब्बेने बघितलं आणि तो पुढच्या गल्लीतल्या लोकांना बोलवायला निघाला.

"एक झाली," अनाने म्हणाला. "त्यात काय! दहा होऊ देत." आणि त्याने उरलेल्या अकरा जोडल्या. दहा चिरल्या. दहाही स्वच्छ निघाल्या.

चिरलेल्या दहा आणि न चिरलेली एक घेऊन तो मॅडम अचियाकडे गेला. गिऱ्हाइकासमोर हार मांडावा तशा त्याने काळ्या मखमलीवर अर्ध्या नळ्या ओळीने मांडल्या. तिने चष्मा लावला, काडीला कापूस गुंडाळून एकेकीच्या आतून फिरवला आणि कापूस तपासला.

"या दहा ठीक. पण जी चिरली नाहीत तिच्या आत काय आहे हे मला कसं कळणार?"

"मशीनला लावा. खाली पांढरं फडकं धरून पाणी गाळा. जितका वेळ म्हणाल तितका वेळ मी इथे उभा राहतो."

"ही तिसरी संधी आहे, काका."

"मोजलीय मी."

तो दिवसभर उभा राहिला. मशीन धडधडत होतं, पाऊच पडत होते, पोती भरणाऱ्या बायका एकमेकींना कोपर मारून या म्हाताऱ्याकडे बघत होत्या. एकीने त्याला केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचा उंडा, आणि मिरचीची चटणी आणून दिली, ते त्याने उभ्यानेच खाल्लं. दर तासाला मॅडम अचिया फडकं उजेडात धरायची. पाचव्या तासालाही ते पांढरंच होतं. तिने खाली पडलेला एक पाऊच उचलला, त्याचा कोपरा दातांनी तोडला आणि निम्मं पाणी एका घोटात प्यायली. मग दुसरा पाऊच त्याच्या हातात दिला.

"प्या, काका. घसा सुकला असेल."

ती नळी अख्खा कडक उन्हाळा टिकली. त्यानंतर मॅडम अचिया मॅगझिनमध्ये आली की थेट त्याच्याकडेच जायची. तिच्याकडून ऐकून दुसरे दोन पाणीवाले आले. एका डोळ्यांच्या दवाखान्याने कात्र्या ठेवायच्या डब्याची बिजागरी पाठवली, मग चष्म्याच्या तुटलेल्या दांड्या येऊ लागल्या, केसाएवढ्या जोडाच्या. असलं बारीक काम तिवा न बघता त्याच्या बाजूला सरकवायची. "माझे डोळे दुखतात त्याने. तू कर." अनानेने दुकानातली ऐरण, कानसी आणि खुर्ची तिच्या कंटेनरमध्ये आणून एका कोपऱ्यात मांडली. दुकान दुफिएने घेतलं. तिथे आता सुकटीचा साठा असतो आणि गल्लीतल्या मांजरींना तो पत्ता ठाऊक आहे.

पावसाळा संपल्यावर एका सोमवारी तिवाने त्याच्यासमोर स्कूटरच्या इंजिनाचं एक तडकलेलं झाकण ठेवलं.

"अॅल्युमिनियम," ती म्हणाली. "स्टील विसर. हे लाल होत नाही, काही इशारा देत नाही. आहे तसं दिसतं आणि एकदम खाली बसतं. तुला जे जे येतं त्यातलं निम्मं इथे चालणार नाही."

"मग काय चालेल?"

"तेच शिकायचंय. आधी टाकाऊ तुकड्यावर."

अनानेने हेल्मेट खाली घेतलं, तारा पेटवला आणि वाट पाहिली. धातू तसाच राखाडी दिसत राहिला. त्याने पाय थोडा दाबला. तुकड्याचा मधला भाग न सांगता सवरता खचला आणि बाकावर एक चकचकीत गोळा टपकला.

"कर पुन्हा," तिवा म्हणाली.

त्याने खोक्यातून दुसरा तुकडा काढला आणि स्पिरिटचं फडकं ओलं केलं.